मुंजीची कॅसेट

टीव्हीवर विणलेला रुमाल घालायचे, त्या काळातली एक मुंजीची कॅसेट होती. एका रविवारी श्रीरंगने ती जुन्या व्हीसीआरमध्ये सरकवली आणि त्याची वायर घरच्या कॉम्प्युटरला जोडली. सगळी मुंज त्यात उतरवून घ्यायची होती.

कॉम्प्युटर जात्याच उतावळा. "मावशी, हजार फोटो मी चुटकीसरशी उतरवतो. तुम्हाला तीन तास कशाला?"

"मुंजीला तेवढा वेळ लागला होता, बाळा," कॅसेट म्हणाली. "मला पळता येत नाही."

कॉम्प्युटर धुसफुसत राहिला. नुसतं बटण दाबायला आलेला श्रीरंग मात्र तिथेच बसला. केळीचे खांब दिसले, रुसलेले काका दिसले आणि मग मातृभोजन आलं. आता या जगात नसलेली आई छोट्या श्रीरंगला आपल्या ताटातली जिलबी भरवत होती.

काम संपल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, "बघा मावशी, आता मी त्याला थेट आईपाशी नेतो."

संध्याकाळी श्रीरंग बायकोला घेऊन आला. कॉम्प्युटर जिलबीपाशी उडी मारायला तयारच होता.

"पहिल्यापासून बघू," श्रीरंग खुर्ची ओढत म्हणाला. "आई येईलच थोड्या वेळात."

कॉम्प्युटरने मुकाट्याने केळीच्या खांबांपासून सुरुवात केली.