घासबाजारचा ठिपका

मेट्रोची लाल गाडी जमिनीखालून धावायची आणि निळी पुलावरून. घासबाजार स्टेशनात एकीतून दुसरीत जायचं, तर लांबलचक बोगदा तुडवून उभा जिना चढावा लागे. हेमलताबाई दातीरांचे आजारी यजमान दवाखान्याच्या वाटेवर तिथेच संपले.

बाईंनी लिफ्ट मागितली. मेट्रोचे मोठे साहेब पारखे यांनी नकाशा पुढे सरकवला. "बाई, घासबाजार हा एकच ठिपका. लाल रेघ त्यातूनच जाते, निळीही त्यातूनच. ठिपक्याच्या आत कुणी लिफ्ट मागतं का?"

कचेरीतली माणसं हसली.

पुढे बाईंच्या महिला मंडळाने साहेबांचा सत्कार ठरवला, घासबाजार स्टेशनावरच. साहेब लाल गाडीने आले, तर फलाटावर कुणीच नाही. त्यांनी फोन लावला.

"आम्ही वर निळ्या फलाटावर जमलोय," बाई म्हणाल्या. "या ना. एकाच ठिपक्यात तर आहोत."

साहेब निघाले. बोगदा संपला, जिना सुरू झाला आणि वळणावर धाप लागून ते पायरीवरच बसले. बाई हार घेऊन तिथवर उतरून आल्या होत्या.

"अहो, किती लांब हे," साहेब म्हणाले.

"लांब कसलं, साहेब? आपण अजून ठिपक्यातच आहोत. आमचे हे याच पायरीवर बसले होते. तुम्ही उठाल."

साहेबांनी हार घेतला नाही. पण लिफ्ट झाली.

बाई मात्र अजून जिनाच चढतात. ती पायरी आली की जरा कडेने जातात, तिथे कुणी बसलेलं असावं तशा.