दादाच्या गाडीतला दिवा

फार लांब नाही, पलीकडच्याच गावात एक भोळा भाऊ राहत होता. नाव गेनू. त्याचा दादा अंकुश पेट्रोलवरच्या छोट्या पिकअपमधून रोपवाटिकेची रोपं पोचवायचा. एक दिवस दादा तापाने गेला. मागे राहिली पिकअप आणि तिच्या सीटवर दादाचा टॉवेल.

दादा जिथे गेला त्या जागी आईने पणती लावली. म्हणाली, "गेनू, दहा दिवस दादाचा दिवा विझू द्यायचा नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मामा आला. त्याने पिकअप चालू केली, तर स्टिअरिंगपुढच्या काचेत इंजिनच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागलेला.

"गाडी आजारी आहे," मामा म्हणाला. "दहाव्यापर्यंत हा दिवा गेला नाही तर गाडी विकायची."

 मामाची पाठ फिरताच गेनू गाडीत बसला आणि दिव्यावर जोरात फुंकर मारली. काच ओली झाली. दिवा हलला नाही.

मग तो दस्तगीर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने गाडीला मशीन लावलं, त्यावर आलेला बिघाडाचा नंबर वाचला.

"टाकीतून पेट्रोलची वाफ निसटतेय. बहुतेक झाकण सैल असेल. वाफ निसटताना दिसली की झाकण घट्ट लावायचं, समजलं?"

"बरं."

टाकीचं झाकण घट्ट लावून गेनू घरी आला. सुतकात शेजारच्या काकू गेनूच्या घरचं जेवण करायच्या. काकूंच्या चुलीवर भात होता. वाफ निसटत होती. गेनूने झाकणावर पाटा ठेवला आणि वरून सुतळीने बांधलं. थोड्या वेळाने भात आढ्याला.

"अरे मेल्या! वाफेला वाट ठेवायची असते!" काकू ओरडल्या.

"बरं."

गेनू तडक गाडीकडे गेला. टाकीचं झाकण काढून खिशात घातलं आणि तसाच मिस्त्रीकडे.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, झाकण उघडं ठेवून फिरलास तर कधीच दिवा जायचा नाही. गेलेलासुद्धा दोन-तीन दिवसांत परत येईल! उद्या आण गाडी. मी नळ्यांत धूर सोडतो. धूर जिथून येईल ते भोक बुजवायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गेनूने गाडी चालू केली. मागच्या नळकांड्यातून धूर आला. गेनूला आनंद झाला. भोक सापडलं! त्याने ओलं गोणपाट कोंबलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. शेवटी बैल जुंपून गॅरेजला न्यावी लागली.

"गोणपाट कुणी कोंबलं?"

"मीच की. तुम्हीच म्हणालात."

मिस्त्रीने गोणपाट ओढून काढलं. नळ्यांत धूर सोडला. टाकीजवळची एक नळी तडकलेली निघाली. नवी नळी यायला तीन दिवस लागले. ती बसवली, मशीन लावून नंबर पुसला. पिवळा दिवा गेला.

"आता हात जोडतो, गेनू. माझं ऐकू नकोस, काकूंचं ऐकू नकोस. आई सांगेल तेवढंच कर."

"बरं."

तो सातवा दिवस. गेनू गाणं म्हणत घरी आला आणि दारात एकदम गप्प झाला. आई पणतीशेजारी डोळे मिटून पडली होती.

"आलास? दादाचा दिवा विझू देऊ नकोस हं."

गेनूने पाहिलं. पणती तर तेवत होती. मग त्याला आठवलं. दादाच्या गाडीतला तर आपणच विझवून आणला!

तो गाडीकडे पळाला. टाकीचं झाकण काढलं. तीन दिवस गाडी घेऊन वेशीपर्यंत जा, परत ये, जा, परत ये. दहाव्या दिवशी सकाळी पिवळा दिवा लागला तेव्हा कुठे त्याने पोटभर जेवण केलं.

मामा आला. गाडीत वाकून पाहिलं.

"गेला नाही होय रे?"

"गेला होता," गेनू छाती फुगवून म्हणाला. "मी परत आणला. दादाचा आहे ना? आई म्हणाली, विझू द्यायचा नाही."

काकू आधी हसल्या. मग आई. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मामाने गाडीतली किल्ली काढून घेतली. मग ती गेनूच्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडेच. दहा दिवस झाले, गेनू. आता दिवा विझवला तरी चालेल."

"बरं," गेनू म्हणाला.

गाडीत बसला. दादाचा टॉवेल मांडीवर घेतला. आणि दिव्यावर फुंकर मारली.