पगडी भरून दिली, पुढे काय?

पगडी घट्ट झाली म्हणून सरदार हैबतरावांनी भिकोबा पगडबंदाचं दुकानच पेटवून दिलं! आग विझवताना भिकोबाचे दोन्ही हात भाजले. दिवाणी न्यायाधीशांनी निकाल दिला, सरदारांनी नवं दुकान बांधून द्यावं. सरदारांनी दिलंही. मग त्याच्याच दारात उभे राहून मिशीला पीळ देत म्हणाले, "पुढची पगडी नीट बांध. नाहीतर हेही पेटवीन आणि पुन्हा बांधून देईन. मला काय कमी आहे?"

भिकोबाची लेक चिमा तडक फौजदाराकडे गेली. फौजदाराने जांभई दिली. "दिवाणीत निकाल लागला ना? मग आमचं काय काम?"

चिमा दरबारात गेली. महाराज महाहट्टी! 'एक कृत्य, एक न्याय' हे स्वतःचं वाक्य त्यांनी वेशीवर कोरून घेतलं होतं.

ते म्हणाले, "पोरी, नुकसान भरून निघालं. आता गुन्हा कुठे उरला? उद्या मला दाखव! नाहीतर बापलेक राज्य सोडा!"

दरबारात बसलेले सरदार खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी चिमा फडक्याखाली काहीतरी झाकून आली. मुजऱ्याला वाकली, पुढे झाली आणि एका फटक्यात महाराजांची पगडी खाली पाडली!

कुणी काही बोलायच्या आत तिने फडकं काढलं. कोरी, जरीची पगडी! महाराजांच्या पगड्याही भिकोबाच बांधायचा, त्यामुळे त्यांच्या डोक्याचा लाकडी साचा घरी होताच. बापाने सांगितलं, लेकीने बांधली. चिमाने ती महाराजांच्या डोक्यावर ठेवली, चपखल बसली.

"पकडा हिला!" महाराज गरजले.

"का, महाराज? जुनीहून भारी दिली. भरपाई डोक्यावर आहे!"

"पगडीचं काय घेऊन बसलीस? भर दरबारात माझी अब्रू घेतलीस, त्याचं काय?"

"म्हणजे भरपाई झाली, तरी काहीतरी उरलंच!" चिमा म्हणाली. "तेच दाखवायला सांगितलं होतंत. दिवाणीने दुकान मोजलं. दांडगाई कोण मोजणार?"

महाराज असे हसले की पोट धरावं लागलं. पगडी मात्र हलली नाही!

"फौजदार, उठा! सरदारांवर खटला भरा!"

"पण दिवाणीत..."

"ते दुकानाचं झालं!"

"मग हिच्यावरही भरा!" सरदार ओरडले.

"भरा की," चिमा म्हणाली. "सरदारांशेजारी उभी राहीन."

"हिचा निकाल मीच देतो," महाराज डोळे पुसत म्हणाले. "गुन्हा शाबीत! शिक्षा अशी, की हिने रोज फौजदाराशेजारी बसायचं आणि त्याला जांभई आली की चिमटा काढायचा. पगार सरकारी!"