महासंघासाठी बरणीभर माती

“...आणि ती माती तिकडं नेऊन करणार काय?”

दस्तगीर वस्तादांनी हे विचारलं, तेव्हा जयसिंग खराडे तालमीच्या उंबऱ्याशी बूट काढत होता. नाड्या सुटायला वेळ लागत होता. एवढी महागडी पादत्राणं त्या उंबऱ्याला सवयीची नव्हती.

“काचेच्या पेटीत ठेवायची, वस्ताद. आमच्या महासंघाचं वारसा दालन होतंय. युरोपात, मुख्यालयात.”

“पेटीत?”

“वर दिवा असणार. खाली पितळी पाटी. जिथून सगळं सुरू झालं ती माती, असं लिहायचं.”

वस्ताद कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसून मातीतले खडे वेचत होते. नव्वदीला टेकलेला माणूस, पण खडा बारीक असला तरी बोटाखालून सुटत नव्हता.



जयसिंग याच हौदात घडलेला. त्यानं आणि त्याच्या जोडीच्या जोतिराम वाघमोडेनं तरुणपणी एक वेडा घाट घातला होता. मातीतली कुस्ती जिथं जिथं खेळतात, ते सगळे देश एका संघटनेत बांधायचे. जागतिक माती-कुस्ती महासंघाची पहिली बैठक या तालमीतच झाली, पोती अंथरून. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं आणि या दोघांना इंग्रजी, त्यामुळे एकमत फार लवकर झालं.

आता पन्नासेक देश सभासद होते. जयसिंग अध्यक्ष होता. कोटाच्या खिशावर महासंघाचं बोधचिन्ह होतं आणि हातात झाकणाची सुबक बरणी.

तशी माती कुठल्याही तालमीत मिळाली असती. त्याला ती वस्तादांच्या हातून हवी होती. वस्तादांनी दिली, की आपण अजून या तालमीचे आहोत एवढं ठरलं असतं. गेली कित्येक वर्षं त्यांनी त्याला ये म्हटलं नव्हतं. आजही तो आपणहूनच आला होता.

“हे बघा.” त्यानं फोन पुढं केला. “पहिल्या बैठकीचा फोटो. भिंतभर लावणार आहोत.”

वस्तादांनी फोन हातभर लांब धरला. बराच वेळ धरला.

“जोत्या कुठाय?”

“तो... अगदी कडेला बसला होता, वस्ताद. भिंतीच्या मापात फोटो मावत नव्हता.”

“कडंला तर मी हाय.”

“तुमच्या पलीकडं होता तो.”

“व्हय. मांडीला मांडी लावून.” वस्तादांनी फोन त्याच्यासमोर धरला. “मग माझ्या गुडघ्यावर ह्यो हात कुणाचा?”

जयसिंगनं वाकून पाहिलं. वस्तादांच्या गुडघ्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच. पुढं माणूस नव्हता.

हा फोटो त्यानं किती बैठकांत दाखवला होता. तो हात त्याला एकदाही दिसला नव्हता. आता मात्र दुसरं काही दिसेना.

“इतिहास समितीनं ठरवलं,” तो पुटपुटला.

“समितीत कोण?”

“...मीच अध्यक्ष आहे.”

वस्तादांनी एक खडा वेचून बाहेर टाकला.

“त्याला महासंघातनं का काढला, ते मला कुणी नीट सांगितलं न्हाई.”

“काढलं नाही, वस्ताद. ठराव झाला. बहुमतानं.” जयसिंगचा आवाज सभेतला झाला. “मातीऐवजी मॅट आल्याशिवाय टीव्हीवाले उभे राहत नव्हते. आणि हा प्रत्येक बैठकीत आडवा. माती न्हाई तर कुस्ती न्हाई, एवढं एकच. संघटना अशी चालते का? आज पन्नास देश आहेत ते...”

“सभेत काय म्हणाला त्यो?”



“सभेत तो... नव्हता. परदेशात होती सभा. त्याचा व्हिसा आला नाही.”

“व्हिसाचं कोण बघतं?”

“कचेरी.”

“कचेरी कुणाची?”

“आमचीच. उशीर झाला, वस्ताद.”

“झाला... का केला?”

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. ती सुरू होईना. जयसिंग तो आवाज ऐकत राहिला, जणू ती सुरू झाली की उत्तर द्यायचं ठरलं होतं. ती सुरू झाली आणि निघूनही गेली.

“सभा पुढं ढकलता आली असती,” तो म्हणाला. “मीच ढकलली न्हाई. समोर असता तर... समोर असता तर मला त्याच्याविरुद्ध हात वर करता आला नसता.”

हे तो आजवर कुणापाशी बोलला नव्हता. बायकोपाशीही नाही.

“म्हंजे जोड हौदात नसताना तू त्याची पाठ मातीला लावलीस.”



जोतिराम गेल्या पौषात गेला. जयसिंग तेव्हा कुठल्याशा विमानतळावर होता. त्यानं महासंघातर्फे शोकसंदेश पाठवला आणि त्यात दोन विशेषणं जादा घातली. रडू त्याला पुढं पंधरवड्यानं आलं, हॉटेलात दात घासताना. ब्रश तोंडात तसाच ठेवून तो न्हाणीघराच्या फरशीवर बसला होता. फोन कुणाला करावा हे कळेना, कारण अशा वेळी ज्याला करायचा तोच गेला होता.

“कोट काढ,” वस्ताद म्हणाले. “उतर हौदात.”

“वस्ताद, या वयात...”

“उतर म्हंतोय न्हवं.”

जयसिंग उतरला. पँट दुमडायचंही भान राहिलं नाही. माती गार होती, तिच्यात मुरलेल्या ताकातेलाचा जुना आंबूस वास नाकात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. वस्तादही काठाला हात टेकत, कण्हत, त्याच्यापाठी उतरले. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली.

जयसिंगनं लगबगीनं बरणीचं झाकण काढून ती पुढं धरली.

वस्तादांनी बरणीकडं पाहिलंही नाही. त्यांनी ती माती त्याच्या गळ्यावर टाकली. मग खांद्यावर, दंडांवर, छातीवर. पांढऱ्या शर्टावर तळव्यानं चोळली.

कुस्तीआधीची ही रीत. घामानं अंग निसटतं, म्हणून एकानं दुसऱ्याच्या अंगावर माती टाकायची आणि दुसऱ्यानं ती गुमान लावून घ्यायची. ज्याच्याशी झुंजायचं, त्याला आपलं अंग धरता आलं पाहिजे. त्यानं टाकलेली माती झटकून जो बुळबुळीत अंगानं उभा राहील, त्याला या तालमीत कुणी पैलवान म्हणत नसे.

जयसिंगच्या अंगाला हे सगळं त्याच्याआधी आठवलं. बरणी कधी हातातून पडली, त्याला कळलं नाही. तो वाकला, आपली मूठ भरली आणि समोरच्यावर टाकायला हात वर केला.

वस्ताद तोवर पुन्हा काठावर जाऊन बसले होते.

समोर हौद रिकामा होता.

वर उचललेल्या मुठीतली माती बोटांमधून गळायला लागली. कोपरापर्यंत आली.

“वस्ताद...” तो म्हणाला. “ही मी कुणावर टाकू?”

वस्तादांनी पंच्यानं हात पुसले.

“आता तू निसटायचा न्हाईस,” ते म्हणाले. “बोलव जोत्याला.”