सुरूच्या बनातल्या वहाणा

एका राज्यात डोंगराच्या दोन सोंडांमध्ये समुद्र येऊन विसावला होता. दूरदूरची मंडळी तिथे हवा खायला येत, काठावरच्या सुरूच्या बनात पाय पसरून बसत आणि नीलध्वज राजाला दुवा देत. पूर्वी तिथे नुसती रखरखीत वाळू होती. राजाने राजमाळी मल्हाणाला आज्ञा केली आणि वर्षात बन उभे राहिले. वर्षात! याचे कोणाला नवल वाटले नाही, हेच नवल. मल्हाणाच्या खोपटात एक पेटी होती. तीत शापित धन आहे, हात लावील त्याचा हात झडेल, असे तोच सांगत फिरे.

तिथली रीत अशी, की वहाणा वाळूत काढून मगच पाण्यात उतरायचे. पाहुण्यांना होडीतून फिरवणाऱ्या कमळजेला मात्र काही दिवस एक गोष्ट खुपत होती. सांजेला सगळे परतत, तरी वहाणांचा एक जोड मागे उरे. विचारले तर म्हणत, "आमचे सगळे आले." सकाळी जोड नाहीसा होई आणि बनात एक झाड वाढलेले असे.

एका सांजेला उरलेला जोड तिच्या नवऱ्याचा, सिदोजीचा होता. डावी टाच झिजलेली.

"माझे धनी कुठे दिसले का?" तिने शेजारणीला विचारले.

"कसले धनी? तुझे लग्न कधी झाले, बाई?"

कमळजेने वहाणा पदराआड लपवल्या. ही खोटे बोलते, की सगळे गावच सामील आहे?

तेवढ्यात डोलकाठीवर समुद्रगरुड येऊन बसला आणि बोलला, "या बनाची सावली अंगावर पडली, की हरवलेला माणूस आठवत नाही. तू होडीवर, उन्हातली, म्हणून तुला आठवते. तीन दिवस काठावर उन्हात बस, सावलीत जाऊ नकोस. कोणाच्या हातचे पाणी पिऊ नकोस. वहाणा हातच्या सोडू नकोस. तिसऱ्या सांजेला झाडे पाहू नकोस, सावल्या पाहा."

पक्ष्याचा तरी काय भरवसा? पण तिला दुसरा वाली नव्हता.

पहिल्या दिवशी वाळूने तळवे पोळले. दुसऱ्या दिवशी मल्हाण शहाळे घेऊन आला. "ऊन फार आहे, ताई. सावलीत या." एवढा गोड तो कधी बोलत नसे. तिने मान फिरवली. तिसऱ्या दिवशी खुद्द राजाने पाण्याचा पेला पुढे केला. हाही त्यातलाच असेल का? तिने पेला वाळूत ओतला.

"हा अपमान कशासाठी?"

"महाराज, सूर्य बुडेपर्यंत थांबावे. मग हवे तर शिर घ्यावे."

सूर्य पाण्याला टेकला. सावल्या लांबल्या, आणि त्या माणसांच्या होत्या. एक सावली डाव्या पायावर कललेली होती. कमळजा सावल्या चुकवत समुद्राच्या बाजूने धावली आणि तिने त्या सावलीच्या झाडाच्या बुंध्याशी वहाणा ठेवल्या. बुंध्यातून पावले निघाली, वहाणांत शिरली आणि सिदोजी उभा राहिला.

बाकीच्या वहाणा शोधत राजाने मल्हाणाची पेटी फोडवली. तीत वहाणाच वहाणा होत्या.

मल्हाण म्हणाला, "वाळूत रोपे जगेनात, महाराज. आपण वर्षात सावली मागितलीत. कुठून आणली, ते विचारले नाहीत."

राजाची मान खाली गेली. त्याने रोज सांजेला अनवाणी फिरून, सावल्या पाहत, एकेक जोड आपल्या हाताने एकेका झाडाशी ठेवला. बन सरले, माणसे उभी राहिली, आणि विसरलेली नावे आठवून आयांनी हंबरडा फोडला. मल्हाणाला शिक्षा झाली ती घागरीने पाणी घालून खरी रोपे वाढवण्याची. पहिली घागर राजाने वाहिली.

सुटला त्याच सांजेला होडीत बसल्यावर सिदोजी म्हणाला होता, "तू तीन दिवस उन्हात बसलीस, ते मला दिसत होते. तुझ्यावर पडू नये म्हणून मी माझी सावली ओढून धरत होतो."

तोवर कमळजा रडली नव्हती. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.