साळुंकीचं ‘नियर’

एका माळरानाच्या कडेला, पळसाखालच्या डबक्यात एक म्हातारी कासवीण राहत असे. तिचा जन्म मात्र मोठ्या तळ्याकाठचा. फार वर्षांपूर्वी पुराच्या लोंढ्याबरोबर ती इकडे वाहत आली, ती इथलीच झाली. तरी डोळे मिटले की तिला ते तळं दिसे. काठच्या उंबराची फळं टपटप पाण्यात पडत आणि ती पकडायला सगळी भावंडं एकमेकांच्या पाठीवर चढत. बालमित्रांनो, त्या उन्हाळ्यात डबकं आटत चाललं, तशी ही आठवण तिला फारच छळू लागली.

गावच्या शाळेच्या कौलांत राहणारी एक साळुंकी तिथे येई. कासविणीने तिला विचारलं, “बाळ, माझं तळं इथून किती लांब गं?”

“लांब कुठलं, मावशी? नियर आहे!” साळुंकी ऐटीत म्हणाली. “शाळेत शिकले मी. नियर म्हणजे जवळ.”

“पण किती जवळ?”

“नियर म्हणजे नियर! त्यात किती काय विचारायचं?”

कासविणीला हर्ष झाला. उरलंसुरलं डबकं सोडून ती सकाळीच साळुंकीने दाखवलेल्या दिशेने निघाली. चालता चालता ऊन डोक्यावर आलं, खडक तापले, पण तळ्याचा पत्ता नाही. मागे वळावं, तर तेवढंही बळ उरलं नाही. एका खुरट्या बाभळीखाली ती मान आत ओढून पडून राहिली. ‘शेवटी माळावरच मरण आलं म्हणायचं,’ असं तिच्या मनात आलं.

इतक्यात साळुंकी खाली उतरली. “अगं बाई, अजून इथेच? मी तर सकाळपासून चारदा जाऊन आले!”

“पंखांनी गेलीस, बाळ,” कासवीण क्षीण आवाजात म्हणाली. “जरा पायांनी चालून बघ.”

साळुंकी चालू लागली. वीस पावलांतच तिचे पाय पोळले आणि ती धापा टाकत सावलीत परतली. तिने मान खाली घातली. “चुकले मी, मावशी. तुमच्या पायांनी तळं जवळ नाही. तीन दिवसांची वाट आहे.” मग ती उडाली, या खेपेला अगदी जमिनीलगत, आणि सारं बघून आली. “ऊन कललं की त्या करवंदीच्या जाळीपर्यंत चला. जाळीपलीकडे ओढा आहे, त्याच्या वाळूत ओल आहे. रात्र तिथे काढा. पुढचं उद्या सांगते.”

असं टप्प्याटप्प्याने तिने कासविणीला नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा वास आला आणि म्हातारी चक्क धावू लागली! तळं पूर्वीपेक्षा लहान झालं होतं, ओळखीचं कुणी उरलं नव्हतं; पण गार पाणी अंगाला लागताच तिचे डोळे भरून आले. तिने एक बुडी मारली, ती बराच वेळ वर आलीच नाही. साळुंकी काठावर तिची वाट बघत बसून राहिली.

तात्पर्य : दुसऱ्याला वाट सांगायची, तर ती आपल्या पंखांनी नव्हे, त्याच्या पायांनी मोजावी.