जुनी बॅटरी परत लाव

गुळाच्या एका बाजारपेठेत एकदा एका जाणत्या मिस्त्रीनं नुकतीच दुरुस्त झालेली गाडी पुन्हा खोलायला लावली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं आता वय झालं. लोकांचं काय, ते म्हणायला मोकळेच असतात.

मिस्त्रीचं नाव दस्तगीरचाचा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि सारी पेठ त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या हाताखाली रेणुका नावाची एक तरुणी काम शिकत होती. हात चलाख, बुद्धी तल्लख, फक्त निकाल द्यायची भारी घाई.

त्या सकाळी पेठेतले एक मोठे अडत व्यापारी गाडी ढकलत घेऊन आले. म्हणजे ढकलत होते पेढीवरचे हमाल. शेठ मागून हात हलवत चालत होते आणि स्टिअरिंगवर श्रीपती ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. तो शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस.

"हा दुपारभर गाडीत बसून रेडिओ ऐकतो आणि बॅटरी उतरवतो," शेठ सगळ्यांदेखत म्हणाले. "काल लेकीच्या साखरपुड्याला निघालो, तर दारातच गाडी मेली. व्याह्यांच्या गाडीत अंग चोरून बसावं लागलं मला. उस्ताद, आज बॅटरी उतरलेली निघाली, तर याची नोकरी संपली."

"शेठ, मी रेडिओ लावत नाही," श्रीपती म्हणाला.

"खोटारडा आहेस तू."

हमालांनी ते ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पेढीवर निघून गेले.

रेणुकानं किल्ली फिरवली. आतून एकदाच 'टक्' असा आवाज आला आणि समोरचे सगळे दिवे विझले. "बॅटरी गेली," ती म्हणाली. बॅटरी तपासायचा मीटर खुंटीला टांगलेला होता, पण तो काढायचीही तिला गरज वाटली नाही.

शेठ तयारीनंच आले होते. नवी बॅटरी त्यांनी डिकीत आणली होती. रेणुकानं जुनी काढून नवी बसवली, किल्ली फिरवली, आणि इंजिन झटक्यात चालू झालं. शेठचा चेहरा खुलला. त्यांनी गाडी बंद करवली, स्वतःच्या हातानं बॉनेट लावलं आणि म्हणाले, "श्रीपती, आता बोल की. किल्ली ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस."

श्रीपतीनं गाडीतली किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. त्याच्या वयाच्या माणसाच्या हाती दुसरं कोण गाडी देणार? त्यातून खोटारडा असा शिक्का बसल्यावर तर कुणीच नाही.

इतका वेळ उस्ताद स्टुलावर चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "रेणुका, नवी काढ. जुनी परत लाव."

"उस्ताद, डोकं ठिकाणावर आहे ना?" शेठनी बॉनेटवर पंजा ठेवला. "गाडी चालू झाली, विषय संपला."

रेणुकालाही तेच वाटलं. चालू झालेल्या गाडीत परत हात घालायचा, याला काय अर्थ? तिनं उस्तादांकडे पाहिलं, तर ते बशीत चहा ओतत होते. मग तिची नजर श्रीपतीकडे गेली. तो दाराशी उभा होता, पायात चपला घातलेल्या, पण पाऊल उचलत नव्हतं. आपल्या दोन शब्दांनी या माणसाचं घर बसतंय, हे तिला तेव्हा उमगलं आणि तिचा तिलाच संताप आला.

"शेठ, हात काढा," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"बॉनेटवरचा हात काढा. गाडी तुमची आहे, पण बॅटरी गेली हा शब्द माझा आहे. तो खरा की खोटा, हे बघितल्याशिवाय मी ही गाडी सोडणार नाही."

असं बोलणं ऐकायची शेठना सवय नव्हती. बहुधा त्यामुळेच हात निघाला.

तिनं जुनी बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी त्याच झटक्यात चालू झाली.

उस्ताद उठून आले. गाडी बंद करायला सांगून त्यांनी बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला गेलेली जाड काळी वायर दोन बोटांनी हलवली. "आता लाव." 'टक्', आणि दिवे विझले. वायर पुन्हा हलवली, तर गाडी चालू. रेणुकानं पाना घेऊन त्या वायरीचा बोल्ट खोलला. खाली कोरा करकरीत रंग होता.

"साखरपुड्यासाठी शेठनी गाडी रंगवून घेतली," श्रीपती सावकाश म्हणाला. "तेव्हापासूनच हे चालू आहे. मी सांगत होतो."

रंगाऱ्यानं पत्रा आतूनही रंगवला होता आणि वायर त्या रंगावरच आवळली होती. वीज रंगातून जाणार कशी?

"पोरी," उस्ताद म्हणाले, "नवी वस्तू बसवताना तुझा हात आजूबाजूच्या वायरींनाही लागतो. त्यातलं काय हललं म्हणून गाडी चालू झाली, हे तुला कसं कळणार? जुनी परत लावूनच कळणार. त्रास थांबला, की माणसं दोषी सापडला असं समजून घरी जातात. ज्याला काढून टाकलं, त्याला पुन्हा जागेवर ठेवून पाहायची हिंमत करत नाहीत. कारण तो निर्दोष निघाला, तर आपल्याला तोंड लपवायला जागा उरत नाही."

रेणुकानं रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला आणि वायर घट्ट आवळली.

"बरं, झालं गेलं," शेठ म्हणाले. "श्रीपती, किल्ली घे. चल."

श्रीपतीनं किल्लीला हात लावला नाही. "हमालांसमोर मला खोटारडा म्हणालात, शेठ. हमालांसमोरच खरं सांगा. मग गाडी काढतो."

"तू मला अट घालणार?"

"होय."

"मीही येते," रेणुका म्हणाली. "माझं चुकलं, ते मी माझ्या तोंडानं सांगणार." उस्तादांनी तिला अडवलं नाही.

पेढी वळणावरच होती. तिघं चालत गेली. ढेपा उचलायचं काम थांबलं. "बॅटरी चांगली होती," रेणुका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी न तपासता बोलले. श्रीपतीमामांचा काही दोष नाही." मग शेठ जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"शेठ, इकडं ऐकू आलं नाही," मागून एक हमाल म्हणाला.

शेठनी श्रीपतीकडे पाहिलं. तो हात मागे बांधून उभा होता, मान ताठ. तो काही त्यांच्या मदतीला येणार नव्हता.

"श्रीपती खरं बोलत होता," शेठ मोठ्यानं म्हणाले. "खोटं मी बोललो."

"आता गाडी आणतो," श्रीपती म्हणाला.